पडद्यावरचं विड्याचं पान

माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात शिस्तीच्या दहा महिन्यांना आमच्या घरात 'मल्लूच्या जुगाराचं वर्ष' म्हणतात. लग्न असो, बारसं असो, चार नातेवाईक जमले की कुणीतरी तो विषय काढतं, आमचे दाजी दोन्ही कान धरून 'पाप माझं' म्हणतात, सगळे हसतात, आणि मी समोरच्या ताटाकडं बघत बसतो. आता मी पस्तिशीला टेकलो. पाण्याच्या योजनांचे नकाशे काढून पोट भरतो. पैशांवर पत्ते खेळायची ती सगळी ऑनलाइन दुकानं सरकारनं बंद करून टाकली. तरी ते वर्ष काही माझा पिच्छा सोडत नाही. 'आठवणी लिहायचं तुझं वय झालंय का?' असं अक्का, माझी थोरली बहीण, विचारते. झालेलं नाही. पण हे वर्ष मी नीट लिहून ठेवलं नाही तर दाजी सांगतात तीच गोष्ट खरी म्हणून राहील, आणि त्या गोष्टीत एक जागा चुकीची आहे.

लातूरला गंजगोलाईपासून दोन गल्ल्या आत आमचं भांड्यांचं दुकान. खाली दुकान, मागं स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. अप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळी कपाळाला विभूती लावून गादीवर बसायचे ते दिवेलागणीलाच उठायचे. दुपारी दोन तास तिथंच तक्क्याला टेकून डोळा लावायचे, आणि गिऱ्हाईक आलं तर डोळे न उघडता भाव सांगायचे. मी नांदेडला इंजिनिअरिंगला होतो. दुसऱ्या वर्षाच्या गणितात दोनदा आपटलो आणि वर्ष गेलं. अप्पा माल आणायच्या टेंपोत बसून नांदेडला आले, माझी गादी आणि बादली टेंपोत टाकली, मलाही टाकलं, आणि परतीच्या सगळ्या रस्त्यात एकच वाक्य बोलले, लोह्याजवळ चहाला थांबलो तेव्हा. "शिक्षणापायी आता एक रुपाया देणार न्हाई. दुकानात बस." मग चहाचे पैसे मात्र त्यांनीच दिले.

दुकानात माझ्या वाट्याला भांड्यांवर नावं टाकायचं मशीन आलं. पेनासारखं हातात धरायचं, बटण दाबलं की टर्रर्र आवाज करत सुई थरथरायची, आणि स्टीलवर, पितळेवर अक्षरं उमटायची. कुणी कुणाला कशाप्रीत्यर्थ दिलं, ते सगळं माझ्या हातून जायचं. संध्याकाळी मशीन बंद केलं तरी हाताला मुंग्या यायच्या. घरात दुसरा आवाज पाण्याचा, म्हणजे पाणी नसल्याचा. त्या वर्षी नळ बारा-पंधरा दिवसांनी यायचा, टँकर आला की गल्लीत घागरींचा कालवा व्हायचा, आणि अव्वा, माझी आई, कुणी तोंड धुताना दिसलं की दारात येऊन नुसती उभी राहायची. तिला काही बोलावं लागायचं नाही. बी.ई. व्हायला निघालेला मुलगा तिथं बसून 'चि. सौ. कां.' कोरत होता, आणि त्याचं कुणालाही काही वाटत नव्हतं, याचा मला इतका संताप यायचा की एकदा मी एका ताटावर वधूच्या जागी वराचं नाव टाकलं. ते ताट अजून आमच्याच घरात आहे.

पत्ते मला शिकवले गजूनं. गजू नांदेडच्या खोलीतला माझा पार्टनर, अर्धापूरचा, घरची केळीची बाग. पत्त्यांवर पैसे लावणारा पोरगा म्हटलं की लोकांना उडाणटप्पू डोळ्यांपुढं येतो. गजू एवढा चिकट होता की चहा प्यायचा की नाही याचा दोन चौक चालेपर्यंत विचार करायचा. तो लॅपटॉपवर पोकर खेळायचा, आणि मला वाटायचं की हा आपल्या तीन पत्तीचाच इंग्रजी भाऊ असणार. तसं नव्हतं. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले मिळतात, मधे एकेक करत पाच पत्ते सगळ्यांसाठी उघडे पडतात, आणि त्या सातांतून ज्याचे पाच भारी ठरतील तो जिंकतो. पत्ते पडता पडता बोली वाढत जाते. नको वाटलं तर पत्ते टाकून द्यायचे, लावलेलं तेवढं सोडायचं. खेळ एवढाच. पण गजू प्रत्येक डावानंतर मला विचारायचा, "का लावलेस?" आणि माझ्याकडं उत्तर नसलं की चिठ्ठीवर फुली मारायचा. दोन महिने मी नुसत्या फुल्या खाल्ल्या. "चांगले पत्ते आलेल्याला पैसे मिळत न्हाईत," तो म्हणायचा, "वाईट पत्ते टाकून द्यायची ज्याला लाज वाटत न्हाई, त्याला मिळतेत."

सुरुवात फुकटातल्या स्पर्धेनं झाली. दोन-अडीच हजार लोक, एकाचाही रुपया लागलेला नाही, म्हणून सगळे वेड्यासारखे खेळायचे. साडेतीन तास पत्ते टाकत बसून मी बासष्ट रुपये कमावले. ते मला मसाला डोशावर उडवायचे होते. गजूनं हात धरला. हे बासष्ट रुपये म्हणजे बेणं, असं त्याचं म्हणणं. केळीचं बेणं विकून कुणी डोसा खातं का? त्याचा नियम सरळ होता. जेवढं बेणं असेल त्याचे वीस भाग पाडायचे आणि टेबलावर एकच भाग घेऊन बसायचं. वाढलं तर मोठ्या टेबलावर जायचं, घटलं तर खाली मान घालून परत लहान टेबलावर यायचं. मी घरी आलो तरी फोनवरून त्याचा पहारा चालू होता. एकदाच, दिवाळीत, मी नियम मोडला. छत्तीसशे होते त्यातले अठराशे एकदम घेऊन बसलो आणि पंधरा मिनिटांत घालवले. गजू आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि नवव्या दिवशी फोन करून म्हणाला, "का लावलेस?" मला खरं उत्तर माहीत होतं. एकदम मोठं व्हावंसं वाटलं होतं.

त्यानंतर मी सुधारलो. दुपारी अप्पांचा डोळा लागला की मी वर जायचो, बरोबर दोन तास खेळायचो, चार वाजता मशीनवर परत. अव्वाला वाटायचं अभ्यास चाललाय. एकदा तिनं विचारलंच, "काय करलालास रे वर?" मी म्हणालो, गणित. ते काही अगदी खोटं नव्हतं. खेळण्यापेक्षा नेटचाच त्रास जास्त होता. नेट म्हणजे एक डोंगल, आणि त्याला खोलीत रेंज नव्हती, खिडकीबाहेर दोन हात लांब धरलं की यायची. म्हणून मी लांब वायर आणली, तिच्या टोकाला डोंगल लावलं, ते दुकानातल्या एका चेपलेल्या चाळणीत बांधलं आणि चाळणी खिडकीच्या गजाला बाहेरून टांगली. वायरीचं दुसरं टोक लॅपटॉपच्या खोबणीत ढिलं बसायचं. जरा ओढ बसली की नेट गेलं. आणि नेट गेलं की आपली पाळी आल्यावर वीस सेकंदांनी ते टेबल आपले पत्ते परस्पर टाकून द्यायचं. त्या डावात लावलेलं जायचं, बाकीचं शाबूत राहायचं. चाळणीवर कावळा बसला म्हणून, अव्वानं कुरडयांची चादर झटकली म्हणून, वाऱ्यानं, कशानंही. माझे कितीतरी बरे डाव त्या कावळ्यानं खाल्ले. मी गच्चीवर जाऊन त्याला दगड मारायचो, आणि शेजारचे म्हणायचे, पोरगं नापास झाल्यापासून बिघडलं.

दहा महिन्यांत बासष्टचे एकवीस हजार एकशे चाळीस झाले. नांदेडला परत जायचं म्हणजे फी, खोली आणि मेस मिळून वर्षाचे तीस हजार लागणार होते. जुलैअखेर प्रवेश. त्याआधी तीस हजार झाले की अप्पांपुढं हात न पसरता, त्यांचं तोंडही न बघता, नांदेडची बस धरायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणखी दोन महिने कावळ्यानं दया केली असती तर जमलंही असतं. पण त्या वर्षी धोंड्याचा महिना आला.

आम्ही महादेवाची माणसं, गळ्यात लिंग. अधिक महिन्याचं आमच्यात खरं तर एवढं काही नाही. पण ज्याच्या दुकानात निम्मं लातूर जावयाला द्यायची भांडी घ्यायला येतं, त्याला स्वतःच्या जावयाला बोलवावंच लागतं, नाहीतर गिऱ्हाईकच विचारतं. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, त्याला नाही म्हणायचं नाही, त्याच्या हातातलं काढायचं नाही, त्यानं तोंड वाकडं करून घरातून जायचं नाही. महादेवाच्या घरात हा विष्णू तीन वर्षांतून एकदा जेवायला येतो आणि महादेवापेक्षा जास्त कौतुक करून घेतो. मी महिनाभर दुसऱ्यांच्या जावयांची नावं कोरत होतो. अनारशांची जाळीची ताटं, दिवे, ताम्हणं, तांबे. बोटं बधिर झाली होती.

आमचा विष्णू नांदेडचा. अक्काचे यजमान, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. दाजी माणूस वाईट नाहीत. हे लिहितानासुद्धा मला चीड येते, कारण वाईट असते तर सगळं सोपं झालं असतं. उंच, मोठ्या आवाजाचे, घरात शिरले की पंखा लहान वाटायचा. त्यांना सगळं येतं असं त्यांना वाटायचं आणि लोकांनाही तसंच वाटायला लावायचे. माझ्या पत्त्यांचं घरात फक्त अक्काला माहीत होतं. मी तिला फोनवर सांगायचो, एवढे झाले, तेवढे झाले. ती माझ्यासाठी खूश व्हायची. आणि बायका ज्याला खूश होणं म्हणतात त्यात नवऱ्याला सांगणं आलंच, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

दुपारी एक वाजता पंगत बसली. अव्वानं दाजींचे पाय एका तांब्याभर पाण्यात धुतले, एका थेंबाचा हिशेब न चुकवता, आणि परातीतलं ते पाणी बेलाच्या रोपाला घातलं. पुरण भरलेले धोंडे, त्यावर तुपाची धार, गव्हाची हुग्गी, येळवणीची आमटी, भजी, शेंगाची चटणी, कुरडया. दाजी सहावा धोंडा फोडत होते तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय मल्लोबा, पत्त्यांवर लई कमावून राहिलास म्हणं?"

अक्कानं वाढता वाढता डोळे मिटले. अप्पांचा घास हातातच राहिला. जावयासमोर ओरडता येत नाही म्हणून त्यांनी फक्त विचारलं, किती. मी सांगितलं. अप्पांचा चेहरा मी आयुष्यभर वाचत आलो, पण त्या वेळी त्यावर एकामागून एक जे काही येऊन गेलं त्याचा अर्थ मला लागलाच नाही. आधी राग होता हे नक्की. मग दुसरं काहीतरी. मग त्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला, आणि म्हणाले, "बघू दे तरी कसं असतंय ते." दिवाळीत तीन पत्ती खेळताना पहाटेपर्यंत न उठणारा माणूस. त्यांचा तो शकुन, आणि माझा तो जुगार.

जेवणं झाल्यावर सगळी वरात वर आली. दाजी खुर्चीवर, अप्पा ट्रंकेवर, अव्वा दारात, मी खिडकीशी खाटेवर, आणि अक्का विड्यांचं ताट घेऊन माझ्यामागं. मी लहान टेबल उघडून दाखवायला लागलो. दाजींनी दोनच डाव बघितले आणि लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला. मी हात पुढं केला तर अप्पा म्हणाले, धोंड्याचं आलेल्या माणसाच्या हातातलं ओढतोस? मी हात मागं घेतला. दाजींनी सगळ्यात वरचं टेबल शोधलं, जिथं मी कधी डोकावलोसुद्धा नव्हतो. तिथं जास्तीत जास्त वीस हजार घेऊन बसता यायचं. ते वीस हजार घेऊन बसले. एक हजार एकशे चाळीस बाहेर राहिले, तेही दाजींना नकोच होते म्हणून नव्हे, टेबलाला नको होते म्हणून.

आणि मग त्यांनी ताटातलं विड्याचं एक पान उचललं, जिभेनं ओलं केलं आणि पडद्यावर आपल्या दोन पत्त्यांवर चिकटवलं.

आमच्याकडं तीन पत्ती खेळलेला कुणीही हे का केलं ते सांगेल. तीन पत्तीत पत्ते न बघता खेळणाऱ्याला ब्लाइंड म्हणतात. त्यानं एक लावला की बघून खेळणाऱ्याला दोन लावावे लागतात. मर्दाचा खेळ तो, असं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पारावर बसणारा प्रत्येक माणूस मानतो. पोकरमधे असं काहीही नाही. तिथं बघा की न बघा, सगळ्यांना सारखेच लागतात, न बघणारा फक्त आंधळा असतो. हे मी दाजींना सांगितलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला आणि अव्वानं दारातून माझ्याकडं बघितलं, पाणी सांडल्यावर बघते तसं. दाजी म्हणाले, "आरं, न बघता खेळणाऱ्याला जग भ्येतं. बघ तू."

आणि जग भ्यालं. पहिल्या डावात दाजींनी एकदम पाच हजार पुढं सारले, बाकीच्या पाचही जणांनी पत्ते टाकले. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात एकजण अडला. दाजींनी सगळं पुढं सारलं, मग पान उचललं, खाली दोन नव्व्या, आणि मधे तिसरी पडलेली. वीसचे बेचाळीस हजार झाले. मी ज्या डावाची दहा महिने वाट बघितली असती तो डाव या माणसानं पानाखाली झाकून जिंकला होता. पान सुकलं की ते पुन्हा ओलं करून चिकटवायचे. अर्ध्या तासात अठ्ठावन्न हजार. अव्वानं बोटं मोडून दाजींची दृष्ट काढली. अप्पा ट्रंकेवरून उठून दाजींच्या खांद्यामागं उभे राहिले, त्यांचा चेहरा मी एवढा मोकळा कधी बघितला नव्हता, आणि ते माझ्याकडं वळून म्हणाले, "मग तू धा म्हैने काय करलालतास?"

या प्रश्नाचं उत्तर मी आजही मनात जुळवत असतो. कधी आंघोळ करताना, कधी नकाशावर पाइपलाइन ओढताना. एवढं वाईट मला गणितात नापास झाल्यावरही वाटलं नव्हतं.

मी म्हणालो, दाजी, आता उठा. यात वर्षाचं सगळं भागतं, वर तुम्हाला अंगठीसुद्धा होईल. दाजी म्हणाले, ताटावरून अर्धवट उठत न्हाईत. त्या टेबलावर एक गडी होता, आमच्याएवढेच पैसे घेऊन बसलेला. अर्धा तास तो निवांत पत्ते टाकत होता. मी त्याला ओळखलं. म्हणजे तो कोण, कुठला, ते नाही. तो गजूसारखा खेळत होता. आणि पुढच्या डावात तो पहिल्यांदा पुढं आला. दाजींनी पानाखालून बोली वाढवली, त्यानं ती शांतपणे धरली. मधे राजा पडला, दुर्री पडली, सत्ती पडली. दाजींनी आणखी वाढवलं. त्यानं आपलं सगळं पुढं सारलं. पाळी दाजींची आली, आणि वीस सेकंदांचा तो काटा फिरायला लागला. तोवर आमचे नऊ हजार त्या डावात गेले होते. एकोणपन्नास अजून आमच्याकडं होते.

दाजी ही गोष्ट सांगतात तेव्हा इथं म्हणतात, मल्लू बिचारा शेवटपर्यंत नको नको म्हणून राहिला आणि मी ऐकलं न्हाई. हीच ती चुकीची जागा. अर्धा तास मी नको म्हणत होतो हे खरं. पण त्या वेळी मी बोललो नाही. माझा डावा हात वायरीवर होता. दोन बोटांत धरलेली होती मी ती. एक हिसका दिला असता तर नेट गेलं असतं, पत्ते आपोआप पडले असते, एकोणपन्नास हजार राहिले असते, आणि सगळ्यांनी कावळ्याला शिव्या दिल्या असत्या. जावयाचा मान राहिला असता, माझं नांदेड राहिलं असतं. समोरच्याकडं काय आहे ते मला कळत होतं. गजूनं मला तेवढं तरी शिकवलं होतं. आणि तरी मी मनात म्हणालो, आणखी एकदा. आणखी एकदा पान लागलं तर एक लाख सोळा हजार. दिवाळीत झालं होतं तेच, एकदम मोठं व्हावंसं वाटलं. मी वायर धरून बसलो, आणि दाजींनी सगळं सारलं.

पान उचललं तर खाली राणी आणि चौकी. त्याच्याकडं दोन राजे, मधला धरून तीन. पुढचे दोन पत्ते पडले ते कुणी बघितलेही नाहीत. खालून कुणीतरी गिऱ्हाईक विचारत होतं, ताम्हण केवढ्याला. अप्पांनी सवयीनं वरूनच भाव सांगितला.

मग आमच्या घरानं जे केलं ते आमचंच घर करू शकतं. सगळे दाजींचं सांत्वन करायला लागले. अव्वा म्हणाली, जाऊ द्या, पान खावा. अप्पा म्हणाले, जुगार म्हणल्यावर जाणारच. मी म्हणालो, ते वीस हजार माझे होते. कुणी माझ्याकडं बघितलं नाही. अप्पांनी मला जिन्यात गाठलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, पाहुण्याचं तोंड उतरलंय, असं जाऊ द्यायचं का? दाजींसाठी पितळेची समई ठरलेली होती. ती बदलून अप्पांनी कपाटातलं चांदीचं तबक काढलं, आणि नाव टाकायला माझ्याच हातात दिलं. वीस हजार ज्यानं घालवले त्याला चांदी, आणि ज्याचे गेले त्याला टर्रर्र. दाजींच्या नावातला एक काना जरा जास्त खोल गेलाय. तबक अजून त्यांच्या देवघरात आहे, बघायला मिळेल.

उरलेल्या एक हजार एकशे चाळीसमधून मी गणिताच्या पेपरचा फॉर्म भरला आणि खेळ बंद केला. बारा दिवसांनी दाजींचा अप्पांना फोन आला. मल्लू यंदा आमच्याकडं राहणार, इथंच जेवणार, फीचं मी बघतो, पेपर देऊ द्या. अप्पा फोनवर एवढंच म्हणाले, बरं. शिक्षणाला एक रुपाया न देणारा माणूस, पण महिना अजून धोंड्याचाच चालू होता, आणि त्या महिन्यात जावयाला नाही म्हणता येत नाही. नांदेडला दाजींच्या वरच्या खोलीत मी ते वर्ष काढलं. संध्याकाळी दाजी स्वतः ताट वाढायचे, 'गणित कुठवर आलं' विचारायचे, आणि मधेच वाढता वाढता थांबून म्हणायचे, "तुझं बेणं मी खाल्लं रे." मी म्हणायचो, जाऊ द्या दाजी. जेवायचो त्यांचंच, आणि राग मला त्यांचाच यायचा, की हा माणूस हे विसरत का नाही. मी पास झालो. गजूला मी सगळं सांगितलं, वायर सोडून.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना होता. अप्पा आता थकलेत, गादीवर बसूनच सगळ्यांना वाढायला सांगत होते. दाजींनी माझ्या बायकोच्या माहेरच्यांना ती गोष्ट पहिल्यापासून ऐकवली. विड्याचं पान, दोन नव्व्या, 'मल्लू बिचारा नको नको म्हणून राहिला'. मी तूप आणायच्या निमित्तानं आत गेलो. आत अक्का धोंडे परातीत काढत होती. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "तुझा हात वायरीवर होता, मल्लू. मी मागंच उभी होते."

वाटीतलं तूप हातावर सांडलं. इतक्या वर्षांत बोलली का नाहीस, असं मी कसंबसं विचारलं.

"बोलले असते," अक्का म्हणाली, "तर वर्षभर तुला जेवू कुणी घातलं असतं?"

बाहेरून दाजींची हाक आली, तूप कुठं राहिलं. मी वाटी घेऊन गेलो. ते नेहमीसारखे पाहुण्यांसमोर दोन्ही कान धरून बसले होते आणि सगळे हसत होते. मी वाटी त्यांच्या ताटाशी ठेवली आणि समोर खाली बसलो.

"दाजी," मी म्हणालो, "आधी कान सोडा."